दुसरी किल्ली

कॉन्टेसा आली ती टोचनावर,
चारही गोल दिवे फुटलेले, बॉनेटवर कबुतरांचं राज्य,
आणि मागून टॅक्सीने विजयकरबाई.
'इंजिन नवं घाला,' म्हणाल्या, 'बाकी काही हलवू नका.
घड्याळसुद्धा. बंद आहे ते मला माहीत आहे.'

पंच्याऐंशीची गाडी.
पैलवानाचं अंग, कारकुनाचा दम.
खंडाळ्याच्या घाटात साहेब म्हणे एसी बंद करायचे
आणि बाईंना सांगायचे, 'जरा पुढे वाकून बस,
तेवढाच तिला हातभार.'

आमचं गॅरेज माझगावात, गोदीच्या भिंतीला पाठ लावून.
इथे जहाजाचं पोलाद गंजतं,
मडगार्डांचं काय घेऊन बसलात.
दोन महिने नुसता पत्रा.
लांबी घासून घासून बाबूच्या नखांवर
राखी रंग चढला, तो जेवतानाही जाईना.

इंजिन कुर्ल्याहून.
सोळा व्हॉल्व्हचं, एकोणीस हजार किलोमीटर चाललेलं.
अश्फाकने ताडपत्री उचलली तेव्हा
त्या गाडीचा मागचा बंपर शाबूत होता.
पुढचं मी विचारलं नाही.
एवढं कोवळं इंजिन
सुखासुखी कुणी विकत नसतं.

जुना गिअरबॉक्स आणि नवा ब्लॉक,
एकाचं भोक दुसऱ्याच्या भोकासमोर येईना.
परकारचाचांनी लेथवर मधली प्लेट कातली,
अठरा मिलीमीटरची.
'सोयरीक जमवायची,' म्हणाले,
'तर मधला माणूस जाड कातडीचा लागतो.'

मग माझं काम. वायरी.
जुन्या गाडीच्या तारा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजाव्यात,
नव्या इंजिनाची वेणी माझ्या मांडीएवढी.
तीन रात्री टेबलावर पसरून सोडवली.
नको ती तार काप, टेप लाव, पुढे चल.
एअरबॅगच्या पिवळ्या तारेवर
पक्कड जराशी थांबली.

चौथ्या दिवशी स्टार्टर मारला.
फिरतंय, पेट्रोल येतंय, ठिणगी नाही.
मेंदूचा डबा लटकत होता,
आणि मीटरवर किल्लीचं एक लाल चित्र
लुकलुक, लुकलुक.
त्याला त्याची किल्ली हवी होती.
आपल्या माणसाची.
मी बाईंची किल्ली फिरवतोय
आणि ते आपलं विचारतंय, तू कोण?

अश्फाककडे बिस्किटांचा डबा आहे, किल्ल्यांनी भरलेला.
तासभर उपसला.
सापडली तिच्यासोबत एक पितळी बिल्ला होता,
कुठल्यातरी तरणतलावाच्या लॉकरचा. एकशे चौदा.
तो लॉकर उघडला असेल का कुणी,
की आत टॉवेल अजून तसाच?
रस्ताभर रिक्षात हेच डोक्यात.

कॉईलजवळ किल्ली धरली
आणि इंजिन पहिल्या हाकेला ओ दिल्यासारखं सुरू झालं.
दूर नेली तर पुढच्या वेळी पुन्हा मुकं.
म्हणून डॅशबोर्डच्या आत, कॉईलला चिकटवून
काळ्या टेपचे सात वेढे दिले.
आता बाहेर बाईंची किल्ली फिरते,
आतली दुसरी नुसती हो म्हणते.

बाईंना सगळं सांगितलं. सांगायला पाहिजे ना.
त्या काही बोलल्या नाहीत,
पर्समधून चष्मा काढला, पुसला, पुन्हा पर्समध्ये ठेवला.
मग म्हणाल्या, 'बसा, चक्कर मारू.
आरटीओचे कागद उद्या.'

ऑरेंज गेटपाशी फ्रीवेचा चढ लागला,
आणि बाई, स्टीअरिंग धरून,
सवयीने पुढे वाकल्या.
गरज नव्हती.
गाडी अशी उसळली की माझी चप्पल सीटखाली गेली,
मागचा टेम्पो आरशात टिकलीएवढा झाला.

तीन हजारांच्या वर काटा गेला की
डॅशबोर्डच्या आत काहीतरी किणकिणायचं.
मला कळलं. बिल्ला टेपमध्ये घ्यायचा राहिला होता.
'उद्या काढून टाकतो,' मी म्हणालो.

बाईंनी गिअर बदलला.
आवाज थांबला, परत आला.
'असू दे,' म्हणाल्या,
आणि घड्याळाकडे बघून मला किती वाजले ते विचारलं.