इतिवृत्तात न आलेलं

समितीची सचिव मी. अक्षर बरं, एवढंच कारण.
वही दोनशे पानी, शाळेची.
पहिल्या पानावर लिहिलं:
ओढ्याला नाव नाही, नकाशावर तुटक रेघ.
उगम डोंगराच्या कुशीत, धर्मीच्या पाड्यामागे;
शेवट शीळफाट्याच्या मागून, खाजणातून, खाडीत.
हजर: पाड्यावरच्या चौघी, खालच्या गावचे नऊ,
पाटबंधारे खात्याचे साहेब (बूट नवे),
आणि जीन्स धुणाऱ्या शेडचा मालक,
जो आत आलाच नाही, दारात उभा.

वरचे आणि खालचे, पाणी एकच.
ओळख मात्र हळदीच्या जेवणापुरती
आणि एकदा मारामारीपुरती,
मासे उलटे तरंगले त्या वर्षी.

विषय पहिला, उघाडी.
साहेबांनी लॅपटॉप उघडला. लाल रेषा, निळ्या रेषा.
गोमीबाई म्हणाली,
"पान्याला कागद वाचता येत नाय, पोरी.
अष्टमीला भांग, पुनवेला उधान.
फळी उचलायच्या आधी चंद्राला इचार."
साहेब बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले,
मग कडेला तिथीचा रकाना काढला.
मी लिहिलं: स्थानिक अनुभवाची नोंद घेण्यात आली.

अकरा रविवार.
गाळातून निघाल्या सत्तावीस गोण्या चिंध्या,
निळ्या, अजून रंग सोडणाऱ्या.
एका स्कूटरचा सांगाडा.
आणि गणपतीचा एक हात, प्लास्टरचा,
अभय देणारा, बोटं शाबूत.
तो कुठे ठेवायचा यात अर्धा तास गेला.
धर्मीनं उचलून बांधावर ठेवला, तळवा खाडीकडे.

शेडमालक तिसऱ्या रविवारी आला, फावडं घरचं घेऊन.
त्याच्याशी कुणी बोललं नाही. चहा दिला.
सातव्या रविवारी त्यानं हौदाचा खर्च सांगितला
आणि अर्धा आमच्याकडे मागितला.
यावर जे शब्द वापरले गेले
ते वहीत नाहीत.
हौद झाला.

विषय चौथा, भराव.
इथं माझं अक्षर बिघडलंय, बघा.
आमच्या खाजणाच्या तुकड्यात
बापानं डंपर रिकामे करू दिले होते,
पाडलेल्या इमारतींची माती,
कुणाच्या तरी न्हाणीघराच्या पिवळ्या टाइल्स.
त्या पैशांत मी बी.कॉम. झाले.
म्हणजे ही वही, हे वळण, ही सचिव
त्याच मातीची.
मी वाचलं: भराव काढण्यास जागामालकाची हरकत नाही.
"कोण जागामालक?" साहेबांनी विचारलं.
सगळे माझ्या पेनाकडे बघू लागले.
मागच्या बाकावरून बाप उठला.
"हरकत हाय," म्हणाला. बसला.
थोड्या वेळानं, बसल्या बसल्याच, "पन काढा."
मी दुसरं तेवढं लिहिलं.

पाण्याचा नमुना अजून नापास.
जिताडा आलेला नाही.
उघाडीची एक फळी चोरीला गेली,
कुणाच्या तरी गोठ्याला नवं दार असेल.
तिवराची रोपं लावली त्यातली निम्मी म्हशींनी खाल्ली,
म्हशी सभासदांच्याच.

पण परवा ओहोटीला,
टाइल्स होत्या तिथल्या ओल्या चिखलात
एक निवटी, डोळे वर काढून.
मी हलले. ती हलली नाही.
हिला हजर धरायचं का,
नियमात कुठं दिलेलं नाही.

पुढील सभा: अष्टमी, भांग.
स्थळ: बांध.
वेळ: पाणी उतरल्यावर.