मुद्देमाल, नग एक

पंचनाम्यात साहेब म्हणाले, लिहा:
मांडूळ, जिवंत, नग एक,
लांबी दोन फूट पाच इंच,
वजन एक किलो एकशे चाळीस,
रंग चहाच्या चोथ्यासारखा, तोंडं दोन.
मी पेन उचललं. साहेब, एकच आहे.
आरोपी दोन म्हणतोय.
आरोपी तर किंमतही सत्तर लाख म्हणतोय, साहेब.

रबाळ्याच्या आमच्या मुद्देमाल खोलीत
सीट नसलेल्या सायकली, गुटख्याची पोती,
चिठ्ठी बांधलेला एक कोयता,
आणि त्यांच्यामध्ये निळं पिंप,
ठाण्यामागच्या कुंड्या उपसून अर्धं भरलेलं.
किल्ली माझ्याकडे, रात्रपाळी माझी.
वनखात्याची गाडी सोमवारी येणार.
तो शनिवार होता.

संध्याकाळपर्यंत सगळं ठाणं येऊन गेलं.
वायरलेसवरचे तळपे म्हणाले,
सहा महिने इकडून चालतं, सहा महिने तिकडून.
चहावाला पोरगा म्हणाला,
अमावास्येला आरशासमोर धरायचं, मग मोजत बसा नोटा.
आणि एक जण, नाव नाही सांगत,
दार लोटून हळूच म्हणाला,
ताई, बदलीचा अर्ज एकदा टेकवू का याला?

माझे बाबा गोठिवलीला बांध घालायचे.
फावड्याखाली हे निघालं की थांबायचे, बिडी पेटवायचे,
म्हणायचे, ऱ्हाव दे, बांध त्याचाच हाय.
मग एकदा मोजणीवाले आले.
विहीर एक, आंबे तीन, शेवगा एक,
सगळं कागदावर उतरवून गेले.
बांधाखालचं कुणी विचारलं नाही.
आम्हीही सांगितलं नाही.
आता तिथं काचेची इमारत आहे,
खाली दोन मजले नुसत्या गाड्या.

रात्री दोनला झाकण काढलं.
बॅटरी धरली तर माती जराशी हलली
आणि एक टोक वर आलं, बोथट, अंगठ्यासारखं.
डोळे शोधले. डोळे नव्हते.
ती शेपटी होती,
जुन्या चाव्यांनी खवल्यांची नक्षी मोडलेली,
एका जागी फावड्याचा वार भरून आलेला.
मुंगूस आलं, घुबड आलं, माणूस आला,
तर हे टोक पुढं करायचं.
खरं तोंड मातीत, गप्प.
डोकं खोटं, जखमा तेवढ्या खऱ्या.

पलीकडे लॉकअपमध्ये कुणीतरी खोकलं.
नीलकंठ, वय वीस, राहणार वाशिंद.
ऐरोलीच्या पुलाखाली पिशवी पोचवायचे
पाच हजार मिळणार होते त्याला.
आत काय आहे ते माहीत नव्हतं म्हणतो,
वाटलं दोरखंड असेल, मग तो हलला.
ज्यानं पाठवलं त्याचा फोन
शुक्रवारपासून बंद आहे.
मी त्याला पाणी दिलं.
तो म्हणाला, मॅडम, ते जिवंत आहे ना?
ते मेलं तर माझ्यावर येईल.

सोमवारी गाडी आली. वनरक्षक बाई,
हातात कापडी पिशवी, खांद्याला काटा.
वजन केलं, पुन्हा केलं.
एक किलो ऐंशी.
साहेबांनी कपाळाला हात लावला,
साठ ग्रॅम कमी, रजिस्टरला काय दाखवायचं?
सगळे माझ्याकडे बघायला लागले,
जणू मीच थोडं कापून घरी नेलं होतं.
मी रजिस्टर ओढलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
जिवंत असल्यामुळे.
खाली सही केली, बक्कल नंबर टाकला.