शेऱ्याचा रकाना

घरघंट्या बनवतो आम्ही, कुपवाडला, एमआयडीसीत.
ग्राहकांचे दीड हजार फॉर्म आलेत,
काही पोत्यात, काही इलाहीच्या बॅगेत, पान्यांखाली,
एकावर तर पिठाचा अख्खा पंजा.
उपाध्ये साहेब म्हणाले, मॅडम, सॉफ्टवेअर तुम्हीच निवडा.
सोमवारपर्यंत. आणि आलेख रंगीत पाहिजेत.

मला निवडायची सवय नाही.
लग्नातली साडीसुद्धा आत्यानं निवडली होती.
पण सहा वर्षं हे रकाने मीच भरतेय,
कुठला कुठं टोचतो ते मला ठाऊक.

पहिलं आलं कोल्हापूरहून, पेनड्राइव्हमध्ये,
सोबत टाय लावलेला मुलगा.
प्रश्न बनवायला सोप्पं, म्हणाला, उचला आणि सोडा.
मी टाइप केलं: कवठेमहांकाळ.
पडद्यावर कवठेमहांका, आणि पुढं एक चौकोन.
तेवढं चालतंय की, मॅडम.
म्हटलं, आमचं निम्मं गिऱ्हाईक
त्या चौकोनात राहतंय, बाबा.

दुसरं देखणं होतं. निळं, गुळगुळीत.
त्यानं प्रत्येक कोऱ्या जागी
न विचारता शून्य भरलं.
सरासरी धाडकन खाली.
ज्या बायकांनी काहीच सांगितलं नव्हतं
त्या सगळ्या नाराजांत जाऊन बसल्या.
गप्प राहणं म्हणजे शून्य नव्हे,
हे यंत्राला कसं सांगायचं?
माणसांना सांगून झालंय.

तिसरं म्हणे ढगात राहतं, महिन्याच्या भाड्यानं.
इकडं शेजारच्या फाउंड्रीची भट्टी पेटली
की नेट मान टाकतं.
शिवाय बायकांचे फोन नंबर
परक्याच्या घरी का म्हणून ठेवायचे?
आपलं टेबल, आपला संगणक, आपलं कुलूप.

शनिवारी मग मी एकच फॉर्म हातात घेतला.
दोनशे सतरा.
हौसाक्का ओलेकर, कवठेमहांकाळ, स्टँडच्या मागं.
वय: कोरं.
पीठ बारीक येतं का: कोरं.
आवाज किती, एक ते पाच: पाच.
म्हणजे फार. म्हणजे तक्रार.
आणि समासात, आडवं,
शाई संपत आलेल्या पेनानं:
आवाज येतो ते बरं हाय. घरात दुसरा आवाज न्हाई.
दळण नसलं तरी मी कधीमधी लावते.

इलाहीला विचारलं.
दगड रिकामे फिरले की झिजतात, म्हणाला,
सांगून आलोय अक्कांना. चहा देतात, ऐकत नाहीत.
दोनदा बदलले.
वॉरंटीत बसत नव्हते.
बसवले.

देखण्या सॉफ्टवेअरनं तिला ओळ संपताच कापलं:
आवाज येतो ते बरं हाय. घरात दु

चौथं आधीपासून आमच्याच कपाटात होतं,
जुनं, राखाडी, बटणं सरकारी कचेरीसारखी.
बारा वेळा विचारतं, नक्की का? नक्की का?
पण ळ ला ळ म्हणतं.
कोरं ते कोरं ठेवतं.
शेऱ्याचा रकाना लिहाल तेवढा खाली खाली उतरत जातो,
विहिरीत दोर सोडावा तसा.

सोमवारी साहेबांना आलेख दाखवला.
आवाजाचा खांब लालभडक, सगळ्यांत उंच.
बघा, म्हणाले, मोटर बदलू, पुढचं मॉडेल मुकं करून टाकू.
मी म्हटलं, तसं करा, बहुतेकींना तेच हवंय.
फक्त ही एक ओळ वाचा.

वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.
हे आलेखात कुठं येतं?
येत नाही, म्हटलं.
मग ह्याला कुठला रंग द्यायचा?
मला उत्तर सुचलं नाही.
माझाही रकाना तिथं कोराच राहिला.

ते गेल्यावर जतन करा दाबलं.
राखाडी खिडकी उघडली:
वय भरलेलं नाही. तरीही ठेवायचं का?
हो.
नक्की का?
हो बाई, हो.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला.
अजून एक हजार दोनशे त्र्याऐंशी राहिलेत.