काट्यावरचा संगणक

जिनगोंडा मगदुमांचा फोन आला तेव्हा मी
विश्रामबागेत कुणाच्या तरी प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत होते.
“मॅडम, काटा बरोबर हाय, संगणकच मरतोय.
दर तासाला. घड्याळ लावून.
बंद करून चालू केला की उठतोय,
तासाभरानं परत आडवा.”

मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकाशी त्यांचा वजनकाटा.
हळदीचे ट्रक चढून चढून केबिनची काच पिवळी,
एंटरचं बटण पिवळं,
मगदुमांच्या कानातले केससुद्धा.

मी डिस्कला कान लावला. जुनी खोड.
हिच्यात फिरणारं काही नाही, कळून लावला.
आधीच्या डिस्का मरण्याआधी आठवडाभर कण्हायच्या,
ही नुसती नसते.
चालून झालेले तास वाचले: पाच हजारांच्या जरा पुढं.
आत एक कारकून बसलेला असतो, तास मांडणारा,
त्याच्या वहीला तेवढीच पानं.
पान संपलं की हा उठून जातो, जाताना कुलूप लावून.
माल आत शाबूत.
त्याला नवी वही द्यायची, एवढंच काम.

कंपनी म्हणते, वही सीडीवर उतरवा, सीडी यंत्रात घाला.
कुठल्या यंत्रात?
पुढची पट्टी काढली तर सीडीच्या रिकाम्या खणात
कुंभारीण माशीची तीन घरं, तोंडं लिंपलेली.
“ऱ्हाऊ द्या,” मगदूम म्हणाले. “पोरं असतील आत.”

मग पेनड्राइव्ह.
माझा हा जुना बोर्ड ओळखेना.
काट्यावरच्या तौसिफकडं निघाला दोन जीबीचा,
बेंजो पार्टीनं ठासून भरलेला.
“पुसावं लागेल सगळं.”
“मिरजेच्या उरुसातलं हाय त्यात,” एवढंच बोलला
आणि मोबाइल पुढं केला, आधी यात घ्या म्हणून.

नुसती फाइल टाकून भागत नाही.
किती जणांना सांगून दमले.
किल्ली पेटीत ठेवून पेटी उघडत नसते.
पेनड्राइव्हलाच आधी शिकवायचं
की तू पहिल्यांदा जागा हो, बाकीचे नंतर.

त्याआधी नोंदींची नक्कल. ती अर्ध्यात असताना
तीन वाजून बारा मिनिटांनी डिस्क गेली.
पुन्हा उठवली, उरलेल्या पावत्या ओढल्या.
मगदूम दारात उभे राहून हरिपूरचं सांगत होते,
चुलते पेवावर कामाला होते.
“झाकण काढलं की लगेच उतरायचं न्हाई बगा.
आदी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर थांबायचं.
माल कुठं पळून जातोय?”

निळा पडदा. पांढरी अक्षरं. होय की नाही?
गुरुवार होता, आणि गुरुवारी लाइट जाते.
यूपीएस दर मिनिटाला उचकी देत होता.
मधेच वीज गेली तर कारकूनही जातो, वहीही,
आणि कुलपाला किल्ली उरत नाही.
हे मी मगदुमांना सांगितलं नाही.
तौसिफनं बाहेर ट्रकवाल्याला हात केला,
तिथंच, इंजिन बंद, चढू नको.
ड्रायव्हर शिवी देणार होता,
आमची तोंडं बघून राहिला.

मी वायचं बटण दाबलं.

चाळीस सेकंद. पंखाही बंद केलेला.
कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं.

झालं, म्हणून एक ओळ आली. बाकी काहीच नाही.
सगळ्या पावत्या जिथल्या तिथं, बदलला फक्त एक आकडा,
जो मगदूम आयुष्यात कधी बघणार नाहीत.
“एवढ्याचं किती घेणार?” त्यांनी विचारलं
आणि मला खरंच सांगता येईना.

मग तास भरायची वाट. चहा झाला. पुन्हा चहा.
एकोणसाठ. साठ. कुणी बोलेना.
एकसष्टाव्या मिनिटाला तौसिफनं शिट्टी मारली
आणि ट्रक काट्यावर चढला.

पट्टी मी अर्धीच बसवली,
माशीला जायला-यायला बोटभर फट ठेवून.
ट्रक उतरल्यावर काटा लगेच शून्यावर येत नाही;
वीस किलो, दहा, पुन्हा वीस,
जरा डुलतो, मग येतो.
तेवढं बघून निघाले.