घागऱ्या

शाळेने सांगितलं : वंशवृक्ष करून आणा,
चार्टपेपरवर, सोमवारपर्यंत.
ईशानीने खोड काढलं, दोन फांद्या काढल्या
आणि स्केचपेन चावत बसली.
झाड वर वाढतं ना गं? मग
आधीची माणसं खाली कशी?

मी माळ्यावरून माटोळीची चौकट उतरवली.
चवथीशिवाय? सासूबाई म्हणाल्या, देवाची गो ती.
म्हणाल्या, आणि स्वतःच केवणीचे दोर
पाण्यात भिजत घातले.
सावईवेऱ्यात रविवारची दुपार, वीज गेलेली.

पणजोबा पाडेली, लोकांच्या माडांवर चढायचे.
त्यांना काथ्याचा पीळ.
आजोबांनी वेळग्याच्या खाणीवर ट्रक हाकला.
त्यांचा लाल खडा दोराला काही राहीना,
शेवटी अंबाड्याच्या जाळीत घालून बांधला.
मोठ्या काकांना जायफळ, कारण ते चोरायचे.
नायरोबीला गेले आणि आलेच नाहीत
त्यांना करवंटी. कुणाचा कोण, ते नीट ठाऊक नाही.

मग बायका.
पणजी द्वारकाबाय, सुपारीचा घड.
"लग्नाआधीचं नाव काय तिचं?"
सासूबाईंनी कुंपणापलीकडे भानुमतीमावशीला विचारलं.
मावशी बराच वेळ सूप पाखडत राहिली.
माशेलची होती, एवढंच.
नवं नाव तांदळात लिहितात बाये,
जुनं कुठे लिहितात?

ईशानीने घडाशेजारी एक दोर नुसताच सोडला.
"माझं आहे माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या.
"कृष्णी.
बांध त्याला काही तरी."
वीस वर्षं एका चुलीशी आम्ही दोघी.
मला ठाऊक नव्हतं.

"आणि तुझं, आई?"
मी दूध बघायला आत गेले.
दूध तापतच ठेवलेलं नव्हतं.
प्रतिमा, म्हटलं मी तिथूनच,
जरा मोठ्याने झालं,
आणि दाराशी कोण आलं म्हणून वळून पाहिलं.

ती मागीलदारी पळाली, घागऱ्या घेऊन आली :
वाळलेल्या शेंगा, आतलं बी सुटलेलं.
कृष्णीला एक जुडगा, प्रतिमेला एक.
तांबडा खडा अधूनमधून गरगरत होता.

सोमवारी चौकट बालरथाच्या दारातून शिरेना.
ड्रायव्हरने ती आडवी केली, शिव्या न देता.
चढावावर गाडीने गचका खाल्ला
तेव्हा ऐकलं मी, आणि वळणापर्यंत
ऐकत उभी राहिले,
हातात तिचा विसरलेला डबा.