या नावाचं इथे कोणी नाही

तार आली तेव्हा तळ्यावर नुकती साय धरत होती.
पत्ता: मिसेस केतिल्सन, सांडव्हिक, मॅनिटोबा.

तेवीस वर्षं मी या खिडकीमागे बसतोय.
केतिल्सन नावाची बाई या किनाऱ्यावर नाही.
केतिल होता. एका एप्रिलात बर्फ फुटून गेला,
घसरगाडी, दोन घोडे आणि उधारीच्या तंबाखूसकट.
त्याचा मुलगा, म्हणून ह्याल्मार केतिल्सन.
मुलाची आई मात्र स्वतःच्या बापाची:
सोल्व्हेग ग्रीम्सदोत्तिर.
आमच्यातली बाई लग्नात नाव टाकत नाही.
घर टाकते, बेट टाकते,
धाकटं लेकरू बोटीवरून समुद्रात सोडते,
नाव नाही.

विनिपेगला भरतीच्या टेबलावर
कारकुनाने त्याला काहीतरी विचारलं असणार.
ह्याल्मारचं इंग्रजी मासळीच्या दलालापुरतं:
वजन, भाव, उद्या.
त्याने मान हलवली असेल.

नियम असा आहे की माणूस न सापडल्यास
तार तीन दिवस ठेवावी.
नियमाचा इतका आधार मला कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी थैलीत त्याचं पत्र.
पत्ता बरोबर. पेन्सिलीने, दाबून.
तिने ते खिडकीपाशीच फोडलं
आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने वाचलं:
‘इथे जिकडेतिकडे पाणी आहे आणि एक मासा नाही.
चालायला चिखलावर फळ्या टाकल्यात,
आपण कोवळ्या बर्फावर टाकतो तशा.
फळीवरून उतरायचं नाही, एवढाच इथला कायदा.
मला कुणी स्वीड म्हणतं, कुणी जर्मन,
मग आपणच हसतात.
हेमिंगकाकाला सांग, जाळ्याचं शिसं मिठाच्या पिंपात आहे,
खिळ्यांच्या नाही.
मोजे पाठव. दोन जोड.
एक ज्याचं देणं लागतो त्याला.’

तिने माझ्याच दुकानातून राखाडी लोकर घेतली,
दोन जोडांची.
मी पैसे घेतले.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
पैसे घेतले, आणि सुटे मोजून परत दिले.

तिसऱ्या संध्याकाळी गेलो तर
ती तिसऱ्या मोज्याच्या टाचेवर होती.
तार इंग्रजीत, तोंडी उलथा मी केला.
खेद असा शब्द होता, तो गाळला.
आमच्याकडे खेद करायला माणूस लागतो
आणि त्या कागदावर माणूस नव्हता.
फळीचंही त्यात काही नव्हतं.
तिने विचारलं, कुठल्या दिवशी?
सांगितलं.
ती सुयांवर मागे मोजत गेली.
‘त्या दिवशी मी पडद्यांना नीळ देत होते,’ म्हणाली,
आणि टाच वळवायला घेतली.
टाच अर्ध्यात सोडली तर टाके सुटतात.

वसंतात ओटावाहून छापील कागद आला:
नावं जुळत नाहीत, मृताशी नातं सिद्ध करावं.
मी शपथेवर लिहून दिलं, की
मुलगा सहा वर्षांचा असताना, धक्क्यावर,
नोंदवहीत माणसं एकेक करून लिहायची होती
आणि या बाईच्या शालीचं टोक
त्याच्या मुठीतून सोडवायला मला वेळ लागला.
खाली सही, हुद्दा, शिक्का.
त्यांनी पुन्हा विचारलं, जन्माचा दाखला आहे का?

मोज्यांचं सांगायचं राहिलं.
नाताळच्या आधी तिने दोन्ही जोड बांधून आणले.
देणं कुणाचं, ते पत्रात नव्हतं.
म्हटलं, सोल्व्हेग, नाव काय घालू?
म्हणाली, घाल,
त्याच्या मागच्या फळीवर जो होता, त्याला.
तेवीस वर्षांत असा पत्ता मी घेतला नसता.
तुकडीचा क्रमांक लिहिला, वजन केलं,
तिकिटं माझ्या गल्ल्यातून लावली.

पार्सल परत आलं नाही.