खुडूक

जानेवारीत तांबडी खुडूक बसली,
मेथीच्या वाफ्यात, अंड्यावाचून.
नरसव्वा म्हणाली, बसू दे,
आणि तिच्याभोवतीनं मेथी खुडत राहिली
विडीचं पान कातरावं तशी, न बघता.

चौथ्या दिवशी नळ आला.
मुळे धुतले, पावटा सोलला,
किडके दाणे तांबडीपुढं टाकले.
तिनं मान फिरवली.

रात्री डालगं झाकलं मी,
वर काठ चुकलेला टॉवेल.
माग बंद पडून तेव्हा
महिना झाला होता.

आज बघतो, तर
वाफा सगळा उपटून झालाय,
मधोमध एक हिरवा गोल
तेवढा नरसव्वानं राखलाय,
कोंबडीच्या मापाचा.
त्यात ती.
खाली नुसती माती.
हात घातला तर
टोचते.